बाबांनी माझा रस्ता बंद केला

मंडळी, तीन आठवडे खपून धरमपेठेतल्या आमच्या फ्लॅटमध्ये, माझ्या छोट्या रेल्वेच्या रुळांशेजारी, उमरेडची आमची विणकरांची गल्ली उभारली. रस्ता सँडपेपरचा, कडेच्या फरश्या पुठ्ठ्याच्या. त्यांच्या भेगासुद्धा कोरल्या!

आज दुपारी बाबा वाकून पाहू लागले. "छान केलं गा. पण मधात मोटार काहून ठेवली? सूत कुठी ताणतीन?"

विसरलोच होतो. गल्लीभर ताणून कुंच्यानं खळ लावलेलं सूत वाळेपर्यंत अख्खी गल्ली बंद असायची.

मी मोटार उचलली. बाबांनी शिवणाचा पांढरा दोरा त्या रस्त्यावर दोन काड्यांमध्ये ताणला. रेल्वे गेली, दोरा हलकेच थरथरला. बाबा कितीतरी वेळ त्यावरून हातात कुंचा असल्यासारखा रिकामा हात फिरवत राहिले.

तुमच्या गल्लीत रस्ता कोणासाठी थांबायचा?