लॅबचा जावई

क्वालिटी खात्यात दोनच गोष्टी साठतात. रिजेक्ट माल आणि किस्से. रिजेक्ट माल निदान एखाद्या सुट्टीच्या दिवशी गुपचूप डिस्पॅच तरी होतो, किस्से कुठे पाठवणार? ते माझ्या डोक्यात राहतात आणि जेवताना नवऱ्यावर निघतात. परवा तो वैतागून म्हणाला, "अगं, माझ्यावर ओरडून काय उपयोग? मी काय गिझर बनवतो?" म्हणून आता तुम्हाला सांगते.

मी पालघरला राहते आणि बोईसरला एमआयडीसीत गिझरच्या एका कारखान्यात क्वालिटी बघते. गिझर म्हणजे वीज आणि पाणी एकाच डब्यात. आणि त्या डब्याखाली माणूस उभा असतो. ओला, अनवाणी, तोंडाला साबण लावून डोळे मिटलेला! एवढं डोळ्यांसमोर आणलं की सेफ्टी स्टँडर्डचं पुस्तक कशासाठी लिहिलंय ते कळतं. मी नोकरीला लागले तेव्हा ते पुस्तक आमच्या कपाटात होतं. त्याची प्लॅस्टिकची पिशवी मी फोडली.

*

नियम साधा आहे. गिझर विकायचा तर आधी नमुन्याचा पीस लॅबमध्ये पास व्हायला हवा, मग सरकारी मार्क मिळतो. पण आमच्याकडे नमुन्याचा पीस लाईनवर बनतच नाही. तो रामप्रवेश बनवतो. रामप्रवेश आमचा सगळ्यात जुना फिटर. त्याला वेगळं टेबल, वेगळा पंखा, जाड तांब्याची वायर आणि भारीतला कट-आऊट. पाणी फार तापलं की वीज तोडतो तो कट-आऊट. माणूस वाचतो तो त्याच्यामुळे.

ह्या पीसला सगळा कारखाना 'जावई' म्हणतो. जावई शेठच्या गाडीतून, मागच्या सीटवर, चादरीत गुंडाळून लॅबला जातो. एखाददुसरा जावई शेठच्या केबिनच्या कपाटात कायम राखीव असतो. टेम्पोतून जातो तो बाकीचा माल, म्हणजे तुमच्या-आमच्या घरी येतो तो.

मी नवीन होते. विचारलं, "सगळेच पीस असे का नाही बनवत?"

राऊतसाहेब, आमचे प्रॉडक्शन मॅनेजर, कीव आल्यासारखे माझ्याकडे बघत म्हणाले, "मॅडम, जावयाला रोज कोणी घरी ठेवतं का?"

*

एकदा तर जावईच नापास झाला! लॅबमधून फोन आला, "मॅडम, तुमच्या पीसच्या टर्मिनलमध्ये ओल आहे. करंट लीक होतोय. आणि आत काहीतरी लाल लाल आहे."

रामप्रवेशचा पीस आणि लीक? चौकशी केली तेव्हा कळलं, पीस निघण्याआधी राऊतसाहेबांनी त्याची पूजा केली होती. कव्हर उघडून आत हळद-कुंकू वाहिलं आणि डब्याच्या काठावरच नारळ फोडला. पाणी सरळ टर्मिनलवर, वायरी जोडतात तिथेच!

"अहो, पण कव्हर उघडलंत कशाला?"

"मग पूजा काय वरच्या पत्र्याची करायची? खरं मशीन आत असतं."

रामप्रवेश बरेच दिवस फुगून होता. दिसेल त्याला सांगायचा, "मेरा पीस फेल नहीं हुआ, नारियल फेल हुआ है!"

सगळे अजून हसतात ह्या किश्श्याला. माझी मात्र तळपायाची आग मस्तकात जाते. लाईनवरच्या पीसमध्ये नीट वायर घालायची नाही, आणि एका पीससाठी देवाला साकडं!

*

प्रत्येक गिझर बाहेर जाण्याआधी त्याला जोरदार व्होल्टेज देऊन बघावं लागतं. वीज आतून बाहेर झिरपली की टेस्टिंग मशीनचा बझर केकाटतो. एकदा मोठ्या डीलरची माणसं कारखाना बघायला आली आणि नेमका त्यांच्यासमोर बझर वाजला. मग परत वाजला. मग वाजतच राहिला.

दुसऱ्या दिवशी टेस्टिंगवर शुकशुकाट. मला वाटलं, चला, सुधारले! जवळ जाऊन बघते तर बझरची वायर कापलेली.

"राऊतसाहेब, हे काय?"

"शेठना आवाजाचा त्रास होतो, मॅडम."

"आणि पीस फेल झाला तर कळणार कसं?"

"वाजलं तर फेल. वाजलंय का? नाही ना? मग पास!"

मी स्वतः वायर जोडली. ती पुन्हा कापली गेली. मी पुन्हा जोडली. आता बझर आहे, पण त्याच्या तोंडात कोणीतरी चिंधी कोंबलीय.

*

मग मार्क देणाऱ्या खात्याचे इन्स्पेक्टर आले. माझ्या जिवात जीव आला. म्हटलं, आता आमच्या लोकांची सुटका नाही! दिवसभर मी त्यांच्या मागे फिरत होते, हे बघा, ते बघा. साहेबांनी बॅगेतून स्टीलची पट्टी काढली आणि खोक्यावर छापलेला मार्क मोजला. परत मोजला. चष्मा पुसून पुन्हा मोजला.

"मार्क लहान छापलाय," ते गंभीरपणे म्हणाले. "हे चालणार नाही."

"साहेब, कव्हर उघडून आतली वायर बघता का?"

"ते आजच्या विषयात नाही."

आमची सगळी खोकी बदलली. मार्क आता छान मोठा दिसतो. आतली वायर आहे तेवढीच आहे.

*

ह्या मोसमात नवीन कट-आऊट आले, स्वस्तातले. मी एक पीस टेस्टला लावला. पाणी उकळलं, टाकी गुरगुरायला लागली, प्लॅस्टिकचं कव्हर एका बाजूने वितळून लोंबायला लागलं, तरी कट-आऊट ढिम्म! शेवटी मीच धावत जाऊन मेन स्विच पाडला. त्याच लॉटचे आणखी पीस लावले. तीच गत.

राऊतसाहेब वितळलेल्या कव्हरकडे बघत म्हणाले, "पण मॅडम, एवढा वेळ गिझर चालू ठेवतं कोण?"

"माझी सासू!" मी ओरडले. "माझी सासू ठेवते! अख्खा जिल्हा ठेवतो! बटण बंद करायला विसरतात म्हणून तर कट-आऊट असतो!"

पूर्ण लॉटला मी लाल टॅग लावले. लाल टॅग म्हणजे हा माल थांबवलाय. माझ्या सहीशिवाय तो गेटबाहेर जाऊ शकत नाही. एवढी एकच ताकद ह्या नोकरीत आहे.

*

आमच्या पॅकिंगला हेमलता आहे, किनाऱ्यावरच्या मुरबे गावची. घरची बोट आहे, पण मासळीचा भरवसा नाही म्हणून इथे येते. टॅग लावत होते तेव्हा ती जवळ येऊन हळूच म्हणाली, "मॅडम, मला येक घ्यायचा हाय. सुनेला दिवस भरत आलं हायत. कंचा घेऊ?"

"चुलीवर तापव पाणी," मी म्हटलं.

"म्हंजे आपला नको?"

"आपला नको."

तिने हातातलं खोकं फिरवून बघितलं. "पन याच्यावर मार्क हाय ना, चांगला मोठा? मंग तो कोनासाटी हाय?"

मला स्वतःचाच इतका राग आला की त्या दिवशी डबासुद्धा उघडला नाही.

*

आता शेवटचा, गेल्याच आठवड्यातला.

डीलरचा ट्रक गेटवर उभा होता आणि माल लाल टॅगमध्ये अडकलेला. शेठ स्वतः पॅकिंगला आले. शेठ आवाज चढवत नाहीत. रिलीजचा कागद टेबलावर ठेवला, खिशातलं पेन काढून माझ्या हातात दिलं.

"मॅडम, सही करा."

"शेठ, कट-आऊट काम करत नाहीत. मी दाखवलंय तुम्हाला."

"एखादा पीस असतो तसा. बाकी आपले सगळे पीस सारखेच. मार्क आहे ना आपल्याकडे?" मग आणखी हळू आवाजात, "तुम्हाला जमत नसेल तर सही करणारं दुसरं कोणी बघतो. तुम्ही उद्यापासून आराम करा."

सगळी लाईन कान देऊन ऐकत होती. घराचा हप्ता, मुलीची फी, सगळं माझ्या डोळ्यांपुढून गेलं. खोटं कशाला बोलू, पेनचं टोपण मी काढलं होतं.

तेवढ्यात शेठचा फोन वाजला. बोलताना चेहरा एकदम मऊ झाला. "हो हो, लगेच पाठवतो." फोन ठेवून ते खुशीत म्हणाले, "मुलगी आलीय बाळंतपणाला. तिच्या बाथरूममध्ये गिझर नाही. हेमलता, एक पीस पॅक कर. ड्रायव्हर घेऊन जाईल."

हेमलताने समोरच्या थप्पीतला पहिला गिझर उचलला, खोक्यात ठेवला. लाल टॅग खोक्याबाहेर लोंबत होता.

"अरे, तो नको!" शेठ ओरडले. त्यांचा चढलेला आवाज मी पहिल्यांदाच ऐकला.

"का वो शेट?" हेमलता म्हणाली. "सगळं सारकंच हाय ना?"

शेठनी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. मग केबिनच्या कपाटाची किल्ली काढून रामप्रवेशच्या हातात दिली.

"जावई आण."

रामप्रवेशने जावई आणला, चादरीसकट. हेमलताने तो खोक्यात नीट बसवला. शेठचं पेन अजून माझ्या हातात होतं. मी त्याचं टोपण लावलं आणि ते जावयाशेजारी खोक्यात ठेवलं.

हेमलताने वरून टेप मारली.