उणे एकवीस

धाराशिवच्या बसस्टँडमागं माझा शेअर बाजाराचा क्लास आहे. चार कॉम्प्युटर, एक कूलर आणि महिन्याला दहा-बारा पोरं. अधिक महिना लागायच्या तीन आठवडे आधी तिथं बेंबळीहून एक नवा विद्यार्थी आला. सत्तरीला टेकलेला, इस्त्रीचा सदरा, खिशाला दोन पेनं. सातवीत मला गणित शिकवणारे सर.

त्यांनी मला ओळखलं आणि आनंदानं पाठीवर थाप मारली. मीही ओळखलं. माझे वडील शेळ्या राखायचे, आणि या माणसानं भरल्या वर्गात मला फळ्यापाशी उभं करून म्हटलं होतं, "तुझ्या बापाच्या शेळ्यांना पाढे शिकीव, त्या तरी म्हणतील." आता त्यांच्या हे लक्षातही नव्हतं. त्यानंच माझं डोकं जास्त फिरलं.

सरांना बाजारात कमवायचं नव्हतं. त्यांचा जावई पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. सासऱ्याला मोबाइल धड चालवता येत नाही म्हणून तो चारचौघांत हसायचा. "अधिकात धोंडे जेवायला येणारेत ते," सर म्हणाले. "तवा असं कायतरी दाखवायचंय, की पुन्हा हसायचं नाव न्हाय काढणार." एवढंच त्यांना हवं होतं.

मी मूव्हिंग ॲव्हरेजपासून सुरुवात केली. मागच्या काही दिवसांच्या भावांची सरासरी, आणि तिची रेषा भावाच्या मागून चालते. किती दिवसांची घ्यायची तो आकडा सेटिंगमध्ये भरायचा. मी वीस सांगितलं, सरांनी एकवीस भरलं. "आहेराच्या पाकिटात कुणी नुसतं वीस घालतं का रे? वर एक पाहिजेच." पोरं खी-खी हसली. मी ते तसंच राहू दिलं, कारण एकवीसनं काही बिघडत नाही.

बिघडलं ते खालच्या रकान्यात. तिथं ऑफसेट असतो, रेषेला आडवी सरकवायला, आणि तो शून्यावर ठेवायचा असतो. सरांना ते शून्य बघवेना. "मोकळं कशाला ठिवायचं?" म्हणत त्यांनी तिथंही एकवीस भरलं. रेषा उजवीकडं जाऊन आणखीच मागं पडली. मग त्यांच्यातला गणिताचा मास्तर जागा झाला आणि त्यांनी उणे एकवीस भरलं. रेषा डावीकडं सरकली आणि चमत्कारच झाला. भाव पडायच्या आधीच रेषा पडायला लागली, चढायच्या आधी चढायला लागली.

"बघ! बघ रे!" सर खुर्चीतून उठले.

मी एका नजरेत ओळखलं. पुढच्या एकवीस दिवसांची सरासरी काढून ती मागं आणून चिकटवली, तर ती आधी वळणारच. आजच्या तारखेवर तिचा उपयोग शून्य, कारण शेवटच्या एकवीस दिवसांवर रेषाच उमटत नाही. पडद्यावर मागचं वर्ष होतं; चार्ट आजपर्यंत ओढला असता तर त्यांनाही दिसलं असतं. मी ओढला नाही. म्हणालो, "सर, हे तर मलाही सुचलं नव्हतं." मनातल्या मनात उकळ्या फुटत होत्या. पुढं रोज सर यायच्या आधी मी चार्ट दोन वर्षं मागं नेऊन ठेवायचो आणि सांगायचो, आधी जुन्यावरच पक्कं करा.

धोंड्याच्या जेवणाला मलाही बोलावणं होतं, लॅपटॉपसकट. जावई पाटावर बसला, शेजारी सरांची मुलगी, समोर मी. सर टोपी घालून उभे राहिले आणि बोलायला लागले. खरं सांगतो, इतकं नेटकं मीही शिकवत नाही. जावयाचा घास हातात राहिला.

"मामा, भारीच की," तो म्हणाला. "आता आजचं दाखवा." आणि त्यानं डाव्या हातानं चार्ट ओढला.

रेषा मध्येच तुटली होती. पुढं नुसता भाव.

जावयाला समजायला क्षण लागला नाही. "अहो मामा, उद्याचा पेपर वाचून आज भविष्य सांगताय!" तो हसत सुटला, अगदी ठसका लागेपर्यंत. मुलगी ताटाकडं बघत राहिली.

सर माझ्याकडं वळले. "तू सांग की रे. माझा विद्यार्थी हाय हा, याला समदं येतंय."

मी सांगितलं. काय चुकलं, कुठं चुकलं, उणे भरल्यानं काय होतं, सगळं सावकाश, एकेक पायरी. सर शहाण्या पोरासारखे मान हलवत होते. मग त्यांनी विचारलं, "तुला कधी कळलं होतं?"

"पहिल्याच दिवशी, सर."

खोटं बोलता आलं असतं. पण हे ऐकवायलाच तर मी तीन आठवडे थांबलो होतो. सरांनी टोपी काढली, घडी घातली आणि बाहेरच्या खोलीत जाऊन बसले.

काकू वाढायला आल्या होत्या, त्या पातेलं घेऊन तशाच उभ्या राहिल्या. "मला तरी सांगायचं रं बाबा," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "आठ दिस झालं, रोज पहाटं उठून आरशाम्होरं उभं राहून हेच बोलत होते."

मी पानावरून उठलो नाही. धोंडे मऊ झाले होते. मी आणखी दोन मागून घेतले.