झुलीवरचा ड्रायव्हर

सेलूत माझं कॉमिक भाड्यानं द्यायचं दुकान होतं. समोर पाट्या रंगवणारा एक पेंटर बसायचा. तो माझी कॉमिकं उभ्याउभ्याच वाचायचा आणि शेवटचं पान आलं की भडकायचा.

“ह्या उडणाऱ्या हिरोचा ड्रायव्हर बघा,” कुंचला माझ्यावर रोखून तो म्हणायचा. “आगीत गाडी घातली त्यानं. हिरोला खांद्यावर टाकून भाईर काढलं त्यानं. अन् सत्काराच्या चित्रात हाय का कुठं? लय लांबची गोष्ट, त्याला तोंड सुदिक धड काढलं न्हाई. नाकाच्या जागी एक रेघ! सांगा की!”

मग तो स्वतःच त्या ड्रायव्हरची मोठमोठी चित्रं काढायचा. त्यात हिरो कुठंतरी कोपऱ्यात, माशीएवढा.

एका पोळ्याला देवगाव फाट्याकडच्या एका बड्या शेतकऱ्यानं त्याच्याकडून बैलाची झूल रंगवून घेतली. उडणारा हिरोच काढ, असं बजावलं होतं. यानं काढला ड्रायव्हर, आणि या खेपेला नाकडोळ्यांसकट.

बैल वेशीत तोरणाखाली उभे राहिले. पेंटर आणि मी बघायला गेलो होतो. त्या झुलीच्या बैलाचं दावं मालकाच्या सालगड्याच्या हातात होतं. मालकानं झूल बघितली आणि सगळ्यांसमोर तो पेंटरवर खेकसला, “हा कोण काढलास रे?”

पेंटरचा आवाज त्याच्याहून चढला. “वळकू येईना? तुमच्याच बैलाचं दावं धरून उभा हाय की!”

सगळ्या माना सालगड्याकडं वळल्या. त्यानं घाईघाईनं रुमालानं तोंड झाकून घेतलं होतं.