तिसऱ्या रांगेतला मामा

मुलांनो, गेल्या महिन्यात फोनवर तुम्ही मला तुमच्या आईच्या लग्नाचा फोटो दाखवलात आणि विचारलंत, "आजी, आईच्या मागे उभा आहे तो कोण? जजमामा कुठे आहेत?" मी चटकन म्हणाले, "त्यांचं त्या दिवशी कोर्ट होतं." ते खोटं होतं. लग्न रविवारी होतं. रविवारी कोर्ट नसतं हे तुमच्या लक्षात आलं नाही. फोन ठेवल्यावर माझ्या आलं.

फोटोत उभा आहे तो माझा चुलतभाऊ, रावेरकडचा केळीचा व्यापारी. माझा सख्खा भाऊ तिथेच होता, तिसऱ्या रांगेत, कूलरजवळच्या खुर्चीवर. तिथे त्याला मी बसवलं होतं.

तो माझ्याहून चार वर्षांनी लहान. सैन्यात असताना गस्तीवर त्याचा पाय सुरुंगावर पडला आणि डावा पाय गुडघ्याखालून गेला. धुळ्याला घरी आला तेव्हा आबा, म्हणजे आमचे वडील, त्याला म्हणाले, "पेन्शन आहे, आता बसून खा." त्याने लॉ कॉलेजात नाव घातलं. कृत्रिम पायाने चालत जायचा, संध्याकाळी पाय काढून भिंतीशी उभा करायचा आणि फोड आलेल्या जागी मलम लावत वाचायचा. न्यायाधीशाच्या परीक्षेत पहिल्यांदा नापास झाला, दुसऱ्यांदा पास. निकालाचं वर्तमानपत्र मी जळगावच्या आमच्या कॉलेजात नेऊन स्टाफरूममध्ये सगळ्यांना दाखवलं. "माझा भाऊ" हे शब्द त्या दिवशी माझ्या तोंडी सारखे होते.

सातपुड्याच्या पायथ्याकडच्या एका तालुक्याला तो असताना मी एकदा त्याच्या कोर्टात मागच्या बाकावर बसले होते. सगळ्यांच्या आधी येऊन तो आपल्या जागी बसलेला असे. पायऱ्या चढताना कुणी पाहू नये म्हणून, असं शिपायाने मला हळूच सांगितलं. साक्षीला एक म्हातारी उभी होती, कठड्याला धरून. माझा भाऊ म्हणाला, "आजी, बसा. बसून सांगितलेलं खोटं ठरतं असं कायद्यात कुठे लिहिलेलं नाही." मग शिपायाने तिला स्टूल दिलं. त्या दिवशी मला फार अभिमान वाटला होता.

आता लग्नाचं. आपल्याकडे मुहूर्ताला मुलीचा मामा तिला बोहल्यावर आणतो आणि मंगलाष्टकं संपेपर्यंत तिच्या मागे उभा राहतो. माझ्या वहीत सगळ्या कामांची यादी होती, आणि "मामा" या शब्दापुढे त्याचंच नाव होतं. अडचण एकच होती. मांडवात चपला-बूट चालत नाहीत, आणि त्याचा पाय बुटाच्या टाचेच्या उंचीवर बसवलेला. बूट काढला की त्याचा तोल मागे जायचा.

हळदीच्या दिवशी माझ्या आत्येसासूबाईंनी सहज विचारलं, "जजसाहेब मांडवमा बूट घालीसन उभा ऱ्हातीन का वं?"

भटजी हसले. "बुटावर नवं कोरं कापड गुंडाळू, आत्याबाई. कुणाचा पाय कुठे गेला ते देवाला ठाऊक नाही का?"

आत्याबाईंनी मान डोलावली आणि त्या पापड मोजायला गेल्या. विषय संपला होता. मी तो संपू दिला नाही. मुलाकडचे पुण्याचे होते, व्हिडिओ शूटिंग होणार होतं. कापड गुंडाळलेला बूट, ती हेलकावे खाणारी चाल माझ्या डोळ्यांपुढे आली. "मुलीचा मामा लंगडा," असं लोक म्हणतील, हा विचार दुसऱ्या कुणाच्या नाही, माझ्या मनात आला. वहीतलं नाव मी पट्टी लावून खोडलं. भावाला बाजूला घेऊन म्हणाले, "आत्याबाईंना चालत नाही रे. वडीलधाऱ्यांचं मन कसं मोडायचं?"

तो म्हणाला, "बरं, अक्का. खुर्चीवर बसायची सवय आहे मला."

भटजींनी पुकारा केला, "मामा, मुलीला घेऊन या!" तेव्हा मी त्याच्याकडे पाहिलं. खुर्चीचे हात धरून तो अर्धा उठला होता. मग आठवण झाली असावी. तो खाली बसला आणि खिशातून रुमाल काढून चष्मा पुसायला लागला.

पुढे तो आमच्याकडे यायचा, पण आत्याबाईंच्या खोलीत जायचा नाही. त्या मला विचारायच्या, "जजसाहेब मनावर रागायनात का वं?" मी म्हणायची, छे, तुमच्यावर कशाला रागावेल, कामात असतो. त्या गेल्या तेव्हाही त्यांना काही ठाऊक नव्हतं.

तुमच्या फोननंतर मला स्वस्थता नव्हती. गेल्या आठवड्यात बसने धुळ्याला गेले. तो आता वॉकर घेऊन चालतो. मी त्याच्यासमोर बसून सगळं सांगितलं: भटजी काय म्हणाले, आत्याबाईंनी कशी मान डोलावली, नाव कुणी खोडलं, आणि फोनवर तुम्हाला मी काय सांगितलं.

त्याने वॉकर थोडा बाजूला सारला. मग म्हणाला, "त्या बाईंवर मी तीस वर्षं राग धरला, अक्का. जन्मभर लोकांची बाजू ऐकली. त्यांची नाही ऐकली."

हे माझ्या कधी मनातच आलं नव्हतं. मला वाटत होतं, मी फक्त त्याला दुखवलं.

मी म्हणाले, "मला माफ कर."

"माझ्याच केसचा निकाल मी कसा देऊ?" तो म्हणाला. "पोरांना कोर्ट होतं म्हणून सांगितलंस ना? आधी ते दुरुस्त कर." मग वॉकर ओढून घेत म्हणाला, "चहा टाकतो."

मी मदतीला उठले. तो म्हणाला, "बस, अक्का."

मी बसले. स्वयंपाकघरापर्यंत वॉकरचा आवाज ऐकू येत होता, आणि तो पोहोचायला बराच वेळ लागला.