पानावरचा अंगठा

बेळगावच्या एका कागदवाल्याने माझ्या थोरल्या बहिणीला फसवलं. तिने जन्माला घातलेली नक्षी त्याने स्वतःची म्हणून पाकिटात भरली आणि विकायला काढली. नक्षी त्याच्या हातात गेली ती माझ्या हातून, हेही आत्ताच लिहून टाकतो. नंतर कुणी मला ते शोधून दाखवायला नको.

माझं रेडियमचं दुकान आहे. नंबरप्लेट, ट्रकच्या मागच्या ओळी, रिक्षाच्या काचेवरचे देव. निपाणी सोडून बेळगावला आलो तेव्हा ब्लेड घेऊन हाताने अक्षरं कापत होतो. पुढे प्लॉटर घेतला. संगणकावर रेष काढून दिली की त्या रेषेवरून हे यंत्र सुरी फिरवतं. शिकवायला कुणी नव्हतं, चुका करत शिकलो. घासाघीस मात्र आधीपासून येत होती. गिऱ्हाईक पायरी चढतं तेव्हाच ते कुठवर ताणणार हे मला कळतं.

एक दिवस कॅम्पातून एका फौजी अधिकाऱ्याची बायको आली. साताऱ्याकडची. म्हणाली, "दादा, कागद कापून द्याल का? स्क्रॅपबुकसाठी हवंय."

शाळेतल्या पोरींचा उद्योग, असं मनात म्हणत मी मान हलवली. मग तिने वही उघडली. नवऱ्याची बदली जिथे जिथे झाली, तिथलं एक एक पान. एका पानावर बर्फाचे डोंगर होते. नुसता पांढरा कागद, एकावर एक चार थर. रंग कुठेच नव्हता, पण प्रत्येक थराची सावली खालच्या थरावर पडून डोंगर दूरदूर गेले होते. मी हात पँटला पुसले आणि मगच वही धरली.

बेळगावचं पान तेवढं राहिलं होतं आणि बदलीची ऑर्डर आली होती. चित्र तिने टॅबलेटवर स्वतः काढलं होतं. कोल्हापूरला जाता-येता निपाणीत पाहिलेली, उंबऱ्यावर बसून विडी वळणारी बाई. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, हातात पान.

"एकाच काळ्या कागदातून अख्खी बाई निघाली पाहिजे, दादा. तुकडे चिकटवायचे नाहीत."

"निघंल की," मी म्हणालो आणि दर सांगितला. तिने निम्म्यावर आणला. बाई तयारीची होती.

चित्राच्या कडा पकडून सुरीला वाट करून दिली, कागद चिकट मॅटवर लावला आणि यंत्र सोडलं. सुरी सुरेख फिरली. कागद उचलला तर हातात नुसती चौकट आली. मधे बाईच्या आकाराचं भोक. तोंड, सूप, पान, सगळं खाली मॅटवर सुटं पडलेलं.

ही चूक रेडियमवाल्याचीच. स्टिकरला मागे कागद असतो. अक्षराच्या पोटातला ठिपका सुटा झाला तरी तो जागेवर चिकटून राहतो, वरून टेप लावून सगळं एकदम उचलायचं. इतकी वर्षं कापत होतो, पण कापलेली वस्तू कशाच्या आधाराने उभी राहते, हा प्रश्नच मला कधी पडला नव्हता. कागदाला मागे कुणी नसतं. त्याने स्वतःलाच धरून राहायचं असतं.

मग मी सुट्या भागांना मधूनमधून पट्ट्या जोडल्या. कागद टिकला, पण बाई तुरुंगात बसल्यासारखी दिसायला लागली. पट्ट्या बारीक केल्या, तर फाटल्या. तीन दिवस यंत्रावर, सुरीवर आणि त्या बाईवर चिडत होतो. रविवारी आक्काकडे निपाणीला जायचं होतं. चित्राची प्रिंट खिशात घातली.

आक्का माझी थोरली बहीण. उभं आयुष्य विड्या वळल्या. आई गेल्यावर आम्हा भावंडांच्या पोटात जे गेलं, ते तिच्या सुपातून गेलं. मी गेलो तेव्हा ती दारातच बसली होती. प्रिंट बघून हसायलाच लागली.

"ही कोण रं? नाटकातली हाय व्हय?"

"का गं?"

"अंगठा बघ की तिचा! वर उभा केलाय. इडी वळतीया का कपबशी धरलीया? असं धरल्यावर पान सुटंल, तमाखू सांडंल मांडीवर."

माझं डोकं तापलेलंच होतं. म्हणालो, "अंगठ्याचं सोड गं. माझी अडचण येगळीच हाय. कापलं की सगळं सुटं हुतंय."

"मग हुणारच की."

"म्हंजे?"

तिने पान घेतलं, तंबाखू घातली आणि माझ्यासाठी मुद्दाम हळू वळायला लागली. "बघ. सूप मांडीला टेकतंय. कोपर गुडघ्याला टेकतंय. मान खाली, पदर खांद्यावर. अंगठा पानावर. जिथं टेकतंय तिथं कापू नगं. येवढंच की."

मी बघत राहिलो. हे दृश्य जन्मापासून बघत आलो होतो आणि त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं. त्या बसण्यात एकही अवयव हवेत नव्हता. दिवसभर काम ओढायचं म्हणून शरीराने प्रत्येक ठिकाणी आधार शोधून ठेवला होता. आणि तेच आधार माझ्या कागदाला हवे होते. चित्रातली बाई देखणी होती, पण तिने आयुष्यात एक विडी वळली नव्हती. म्हणून ती सुटून पडत होती.

आक्काने प्रिंट मागितली. ज्या कात्रीने पान कापते तीच घेतली. पेन्सिल नाही, आखणी नाही. मान खाली आणली, पदर खांद्याला मिळवला, कोपर उतरवलं. अंगठ्याशी आल्यावर जीभ दातांत धरली आणि एका वळणात तो पानावर दाबून बसवला. मग कागद उचलून माझ्या तोंडासमोर हलवला. काही पडलं नाही.

"शिकीवलं न्हाय का तुझ्या मशीननं?" ती म्हणाली.

दुकानात येऊन तिचं कात्रण समोर ठेवलं आणि संगणकावरची एक एक रेष त्याप्रमाणे सरकवली. सगळ्या पट्ट्या काढून टाकल्या. यंत्र सोडलं. कोपऱ्याला धरून कागद उचलला, तर तंबाखूच्या कणांसकट अख्खी बाई वर आली. ट्यूबलाइटपुढे धरली तेव्हा भिंतीवर आक्का बसली होती. गिऱ्हाईक हाका मारत होतं, मला ऐकू येत नव्हतं.

कॅम्पातल्या बाईंनी अंगठ्यावर बोट ठेवून विचारलं, तेव्हा मी आक्काचं सांगितलं. मग वहीतल्या त्या पानाच्या मागे त्यांनी लिहिलं, "चित्र माझं, हात निपाणीच्या आक्कांचा." आठवड्याने त्या बदलीच्या गावी गेल्या.

पुढचा मूर्खपणा माझा. जाड कागद घ्यायला त्या कागदवाल्याकडे गेलो होतो. भाव करताना छाप पाडावी म्हणून कापलेला नमुना दाखवला. तो म्हणाला, "अण्णा, फाईल धाडा की. जाड कागदावर चालती का बघतो. चालली तर कागद तुमच्याच दरानं." नंबरप्लेटची फाईलसुद्धा कुणाला न देणारा मी, काउंटरवर उभ्या उभ्या फोनवरून पाठवून मोकळा झालो. दर पाडल्याच्या आनंदात.

काही महिन्यांनी त्याच दुकानात पाकिटांची माळ टांगलेली दिसली. मच्छेच्या कारखान्यात साचा करून थप्पीने कापलेल्या बायका. वर त्याच्या दुकानाचं नाव, खाली "पारंपरिक नक्षी".

मी आधी फोन लावला तो कॅम्पातल्या बाईंना, आणि नको ते बोललो. त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाल्या, "दादा, ती फाईल माझ्याकडे कधी आलीच नाही. मी कागद नेला. फाईल तुम्ही कुणाला दिली होती का?" मी फोन कट केला. माफी मागायला दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन करावा लागला.

मग त्याच्या काउंटरवर गेलो. "ह्यो अंगठा खाली कुणी आणला?"

"परंपरा हाय ती, अण्णा. बायका इड्या वळत्यात. त्याला काय मालक असतोय?"

"मूळ चित्रात वर हुता!"

"मग मशीननं आणला असंल," तो म्हणाला आणि दुकानातली माणसं हसली. मी माळ ओढून खाली पाडली. तो शांतपणे वेचत म्हणाला, "धा पाकिटं घिऊन जावा आक्कास्नी. फुकट."

एकच घेतलं, पैसे टाकून. निपाणीला आक्काने ते उघडलं, बाई उजेडाकडे धरली. बोटाने सुपाची कड, कोपर, गुडघा असं फिरत फिरत अंगठ्याशी आली.

"माझाच की रं," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, नवल होतं. "किती झ्याक कापलंय. येवढ्या समद्या एकसारख्या?" मग पाकिटावरची अक्षरं कुठली ते विचारलं. मी वाचून दाखवली. तिने पाकीट सुपाच्या कडेला ठेवलं.

"जल्मभर वळल्या त्या इड्यांवर कंपनीचं लेबल लागलं," ती म्हणाली. "त्याचं काय न्हाय. पानं त्यांची, तमाखू त्यांची. पर ह्ये माझं हुतं. इच्यार त्याला, माझं नाव का न्हाय?"

मी तिचा निरोप दुकानात जाऊन दिला. तो फोनवर बोलत राहिला. म्हणून आता इथे, चार लोक वाचतील अशा ठिकाणी, विचारतो. मशीनने अंगठा खाली आणला म्हणतोस ना? मग निपाणीला ये. माझ्या बहिणीच्या उंबऱ्यावर बस, पान हातात घे, आणि अंगठा तिथेच का टेकतो ते तिला सांग. सांगता आलं नाही, तर पाकिटावर तिचं नाव का नाही, याचं उत्तर तिच्या तोंडावर दे.