भंतेंच्या पात्रातलं भरीत
कपाशीच्या वाळल्या पऱ्हाटीच्या जाळावर वांगी भाजल्याचा वास आला की वरणगावचा आमचा लहानसा विहार आठवतो. तिथे मुक्कामाला आलेल्या भंतेंच्या भोजनदानाची एकदा आमची पाळी होती. आईने पहाटे उठून भरीत केलं, वर खीरही केली. भंतेंनी दोन्ही एकाच पात्रात घेतलं, कालवलं आणि शांतपणे जेवले. "बठ्ठं एक करी टाकं!" सगळं एक करून टाकलं, म्हणत आई घरी येऊन रडली. पुढच्या पाळीला तिने मुद्दाम नुसती भरीत-भाकरी नेली, म्हणजे कालवायला काही नको. भंते तसेच शांतपणे जेवले. तिला राहवेना. "आज तरी चव लागली ना, भंतेजी?" ते हसले. "अक्का, पोट त्या दिवशीही भरलं होतं." भरीत मी अजून तिच्यासारखंच करते; कसं झालं, ते मात्र कुणाला विचारत नाही.