साफ कॉपी

अमेरिकन माणूस दर तिसऱ्या वाक्याला देवाचं नाव घेतो, हे मला हिमायतनगरच्या त्या दुसऱ्या मजल्यावर कळलं. तोवर मला वाटायचं, तिकडे सगळं यंत्रावर चालतं, देवबिव आपल्याकडेच. नव्वदीची शेवटची वर्षं होती. गल्लोगल्ली कॉम्प्युटरचे क्लास निघाले होते आणि इंग्रजी बरं असलेल्या मुलींना हेडफोन लावून अमेरिकेतली बोलणी टाइप करायचं काम मिळत होतं. बहुतेक ठिकाणी डॉक्टरांची, आमच्याकडे वकिलांची. तिकडे कुणी तरी साक्षीदाराची मुलाखत टेप करायचं, ती इंटरनेटवरून आमच्याकडे यायची, आणि आम्ही तिचा कागद करून परत धाडायचो.

कागद साफ हवा, हा मालकाचा हुकूम. माझ्या मॉनिटरच्या कडेला गाळायच्या गोष्टींची यादीच चिकटवलेली होती: खोकणं, अडखळणं, तेच ते शब्द, आणि तळाशी 'ओ लॉर्ड', 'गॉड ब्लेस', प्रार्थना, आमेन. सगळा कचरा. आपण नाही का ठेच लागली की 'अगं आई गं' म्हणतो, तेव्हा आई थोडीच येते! माझा हात त्यात इतका बसला होता की मॅडम माझे कागद तपासायच्याही नाहीत. मॅडम म्हणजे आमच्या तपासनीस, सिकंदराबादच्या, रविवारचं चर्च कधी न चुकवणाऱ्या तेलुगू बाई. "तुझं काय बघायचं?" म्हणायच्या. मी अशी फुगायचे की विचारू नका.

त्या गुरुवारी आलेली फाइल एका मृत्युदंडाच्या कैद्याची होती. त्या खटल्याच्या आधीच्या फाइली मीच केल्या होत्या. दुकान लुटताना त्याने म्हाताऱ्या दुकानदारणीला मारलं होतं. तिच्या मुलीची मुलाखत टाइप करताना मी रडले होते आणि मनात म्हटलं होतं, मरू दे मेल्याला. हे इथे लिहायलाच हवं. आता शिक्षेला एकच दिवस उरला होता. शुक्रवारी, तिकडच्या संध्याकाळी सहाला. शिक्षा थांबवण्यासाठी त्याच्या वकिलाचा शेवटचा अर्ज या कागदासाठी अडला होता.

तिकडे असा फैसला करायला बारा साधी माणसं एका खोलीत बसवतात, आणि मृत्युदंडाला बाराही जणांचं एकमत लागतं. टेपवर त्यांच्यातलीच एक म्हातारी बोलत होती. तिला विचारणारा माणूस गावोगाव फिरून अशा टेपा धाडायचा. अर्ज लिहिणारा वकील दुसऱ्याच शहरात, तो फक्त आमचे कागद वाचायचा. म्हातारी म्हणाली, दोन दिवस आमचं जमेना, काही जण जन्मठेप द्या म्हणत होते, त्यांत मीही होते. मग तिचा आवाज एकदम खाली गेला. सुरात काही तरी म्हणू लागली, दोन-तीन मिनिटं. मध्येच लॉर्ड, मध्येच रक्त, शेवटी आमेन. घड्याळात साडेचार वाजले होते. मी ते सगळं गाळलं. कागदावर राहिलं ते एवढंच: दोन दिवस आमचं एकमत होईना, तिसऱ्या सकाळी आम्ही सगळे एक झालो. कसं सुरेख जुळलं होतं! पाच वाजता कागद रवाना.

घरी दिलसुखनगरला बाबा होते. ते कोर्टातले निवृत्त पेशकार. जज्जासमोर फाइली ठेवायच्या, साक्षीदाराला देवाची शपथ द्यायची, यात त्यांचा जन्म गेलेला. ऑफिसातलं बाहेर बोलायचं नसतं, पण जेवताना मी मोठ्या तोऱ्यात सगळं सांगितलं.

"मधलं काय गाळलीस म्हणालीस, माय?"

"प्रार्थना हो, बाबा. आमेनपर्यंत."

"आमेन कोण म्हटलं? ती?"

मी आठवून सांगितलं, "नाही, सगळे आमेन म्हणाले असं ती म्हणाली."

बाबांचा घास हातातच राहिला. "मग ती प्रार्थना कशी? साक्ष आहे की ती! त्या खोलीत काय झालं ते सांगत होती बाई."

मी चिडून म्हटलं, देवाचं काही म्हटलं तर बिघडलं काय? तुम्ही नाही का देवाची शपथ देत होतात?

"शपथ खरं बोलण्यासाठी, माय. फैसला त्याच्यावर नसतो होत. तिकडच्या घटनेचं मला फार ठाऊक नाही, पण कोर्ट ते कोर्ट. समोर आलं तेवढ्यावरच न्याय. बंद खोलीत कुणी पोथी उघडली, तर कैद्याच्या वकिलाला तिच्यावर उलट बोलता येतं का?" आणि मग हळूच म्हणाले, "सकाळी लवकर जा."

शुक्रवारी ऑफिसात मी सगळ्यांच्या आधी पोचले. फाइल अजून पुसली नव्हती. मॅडम आल्या तसा मी हेडफोनचा एक कान त्यांना दिला. त्या ऐकत गेल्या आणि त्यांचा चेहरा उतरत गेला. म्हातारी प्रार्थना करतच नव्हती. बारा जणांच्या म्होरक्याने त्यांच्या धर्मग्रंथातल्या सूडाच्या ओळी मोठ्याने वाचल्या, कायद्याच्या वर हे पुस्तक आहे असं म्हणाला, मग सगळ्यांना हात धरून आमेन म्हणायला लावलं. ते सगळं ती त्याच्याच सुरात म्हणून दाखवत होती. शेवटी म्हणाली, त्यानंतर नाही म्हणायची माझी छाती झाली नाही.

मॅडमना त्यातली ओळ न् ओळ पाठ होती. "हेच पुस्तक मी रोज वाचते," त्या म्हणाल्या. "म्हणून सांगते, ते त्या खोलीत असं न्यायचं नव्हतं."

मी पूर्ण कागद टाइप करेपर्यंत मालक आले. त्यांना सांगितलं तर म्हणाले, "गया सो गया, अम्मा. गलती हमारी बोलके लिखके देतीं क्या? कल से काम कौन देगा?" माणूस मरतोय, असं मी म्हणाले. तर मालक म्हणाले, खुनी आहे ना? माझ्याच मनातलं ते, त्यांच्या तोंडून ऐकलं आणि मी खुर्ची सोडून बाजूला झाले. मॅडम मात्र उठल्या, माझ्या खुर्चीत बसल्या, चूक आमची आहे असं स्वतःच्या नावाने लिहिलं आणि कागद पाठवला. साडेनऊ वाजले होते. तिकडे गुरुवारची रात्र.

दिवसभर उत्तर आलं नाही. शनिवारी पहाटे, म्हणजे त्यांचे शुक्रवारचे सहा वाजायच्या आधी, बाबा देवघरापाशी नुसते बसलेले दिसले. पूजा नाही, काही नाही. मी विचारलं तर म्हणाले, कुणासाठी काय मागायचं ते कळेना.

सोमवारी वकिलाचं पत्र आलं. चार ओळी होत्या. पहिला कागद वाचून कोर्टाने गुरुवारीच अर्ज फेटाळला होता, कारण त्या खोलीत काही वावगं झाल्याचं त्यात दिसत नव्हतं. दुसरा कागद घेऊन तो शुक्रवारी पुन्हा गेला, तर उशीर झाला म्हणून त्यांनी वाचलाच नाही. ठरल्या वेळी सगळं पार पडलं. चौथी ओळ होती, देव आपल्या सगळ्यांना क्षमा करो.

मॅडमनी पत्र वाचलं, छातीवर क्रॉसची खूण केली आणि आपल्या टेबलाशी जाऊन बसल्या. मी मॉनिटरवरची ती यादी नखाने खरवडून काढली. अर्धीच निघाली. पुढची फाइल आली होती, म्हणून हेडफोन लावला. कुणी बाई सुरुवातीलाच 'ओ लॉर्ड' म्हणाली, आणि ते मी टाइप केलं.

तो वाईट होता म्हणून माझ्या हातून ते गळलं, की नियम होता म्हणून, हे बाबांनी मला कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं.